संगणक सुरू कसा होतो आणि अडतो कोठें ?

आमच्या वऱ्हाडांत संगणकयंत्र आतां केवळ तहसील कचेरींत किंवा बँकेंतच दिसतें असें राहिलेलें नाहीं. सन २०२२ च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें संगणकीकरण करण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि ज्यांस आपण सेवा सोसायटी म्हणतों त्या गांवोगांवच्या संस्थांच्या मेजावर हें यंत्र येऊन बसूं लागलें. सात-बाराचा उतारा, आठ-अ, पीक विम्याचा अर्ज हीं कामें त्याच्याच द्वारें होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची पाहणीसुद्धां शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर नोंदवावयाची झाली, आणि मोबाइल म्हणजे संगणकाचाच धाकटा भाऊ होय. असें असतां या यंत्राच्या अवयवांचीं नांवें मात्र आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नाहींत. बैल घेतांना आपण दांत मोजतों, खूर पाहतों. विहिरीवरील पंप बंद पडला तर फ्यूज गेला कीं मोटारीचें वायंडिंग जळलें, हें मिस्त्री येण्यापूर्वींच ओळखतों. संगणक बंद पडला म्हणजे मात्र ' मशीन बिघडली ' एवढेंच बोलून ती दुरुस्ती करणाराच्या हवालीं करतों.

यांत काय धोका आहे तें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. दर्यापूर तालुक्यांतील एका गांवच्या संस्थेचें यंत्र गेल्या उन्हाळ्यांत एके सकाळीं सुरू होईना. आंतला पंखा फिरे, दिवा लागे, परंतु पडदा काळाच राही. जमलेल्या मंडळींपैकीं एकानें, " पेटी जळली भाऊ, आतां काई खरं नाई, " असा निकाल देऊन टाकला. शहरांतून माणूस आला, यंत्र घेऊन गेला, आणि दोन दिवसांनीं चालूं करून परत घेऊन आला. यंत्र चालूं झालें खरें. परंतु त्यांत ठेवलेले दोन वर्षांचे ठराव, सभासदांच्या कागदांच्या प्रती, अतिवृष्टीच्या नुकसानीचे शेतांत जाऊन काढलेले फोटो, यांपैकीं कांहींच शिल्लक नव्हतें. कर्जखात्यांचा मुख्य हिशेब दूरच्या सर्व्हरवर जात असल्यामुळें तेवढा वांचला. बिल माझ्या पाहण्यांत आलें. त्यावर दोन बाबी होत्या : रॅम बदलणें, आणि डिस्क फॉरमॅट करणें. पहिली बाब आवश्यक होती. दुसरीची कांहींएक गरज नव्हती, आणि नुकसान झालें तें दुसरीमुळेंच. हें बिल वाचून जागच्या जागीं हरकत घेणारा एकही पंच त्या दिवशीं हजर नव्हता, कारण दोन्ही शब्दांचा अर्थ कोणासच माहीत नव्हता. तो सांगणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केल्यामुळें मला ही सर्व रचना कचेरीच्या रूपानेंच समजली, आणि वाचकांसही तशीच समजेल असें वाटतें. कचेरींत कारकून असतो, त्याच्या पुढें मेज असतें, आणि मागच्या खोलींत दप्तरखाना असतो. संगणकांत कारकुनाच्या जागीं प्रोसेसर असतो, मेजाच्या जागीं रॅम, आणि दप्तरखान्याच्या जागीं डिस्क. मेजाखालीं ठेवावयाच्या सबंध पेटीस लोक सर्रास सीपीयू म्हणतात, तें बरोबर नव्हे. सीपीयू म्हणजे प्रोसेसरच. तो बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा पेटीच्या आंत पंख्याखालीं दडलेला असतो. बेरीज, वजाबाकी, तुलना आणि हुकुमाप्रमाणें कागद इकडून तिकडे करणें, एवढीच कामें तो जाणतो, परंतु एका सेकंदांत तीं अब्जावधि वेळां करतो. हे सर्व अवयव ज्या मोठ्या हिरव्या किंवा काळ्या फळीवर बसविलेले असतात तिला मदरबोर्ड म्हणतात. ती कचेरीची इमारत समजावी. कागदाची ने-आण तिच्यावरील तांब्याच्या बारीक वाटांनीं होते.

आतां मेज आणि दप्तरखाना यांतील भेद. सगळ्या लेखांत हाच मुद्दा महत्त्वाचा असल्यामुळें तो सावकाश वाचावा. कारकुनास ज्या प्रकरणावर काम करावयाचें तें तो दप्तरांतून काढून मेजावर मांडतो, कारण मेजावरील कागद हातासरशीं सांपडतो. मेज जितकें मोठें तितकीं अधिक प्रकरणें एका वेळीं उघडतां येतात. परंतु संगणकाच्या मेजाचा एक विलक्षण गुण असा कीं, वीज जातांच त्यावरील सर्व कागद नाहींसे होतात. त्या क्षणीं टंकलेला आणि ' सेव्ह ' न केलेला मजकूर जातो तो याच कारणानें. सेव्ह करणें म्हणजे मेजावरील कागद रुमालांत बांधून दप्तरखान्यांत ठेवणें. दप्तरखान्यांतील कागदास वीज असो वा नसो, बाध येत नाहीं. त्यावरून हेंही उघड होतें कीं, रॅम खराब झाली म्हणजे मेजाचा पाय मोडला. मेज बदलावें, काम पुढें चालवावें. त्यासाठीं दप्तरखाना रिकामा करण्याचें कारण नाहीं.

घोटाळा होतो तो असा कीं, दुकानदार दोहोंचें माप जीबी या एकाच शब्दांत सांगतो. ' ८ जीबी, ५१२ जीबी ' असें म्हटलें म्हणजे पहिला आंकडा मेजाचा आणि दुसरा दप्तरखान्याचा. मोबाइलच्या खोक्यावरही हेच दोन आंकडे याच क्रमानें असतात. डिस्कमध्यें पुन्हां दोन जाती आहेत. जुन्या हार्ड डिस्कमध्यें चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरते आणि सुईसारखी भुजा तिच्यावरून नोंदी वाचते. नव्या एसएसडीमध्यें फिरणारें कांहींच नसतें. ती जलद असून धक्क्यानें बिघडत नाहीं. परंतु हार्ड डिस्क मरण्यापूर्वीं पुष्कळदां कट्‌कट् आवाज करून सूचना देते, तशी सूचना एसएसडी देईलच असें नाहीं.

या बाबतींत आपल्या भागास थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या खेड्यांत १९४६ सालीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं ' परम ८००० ' हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेनें आपला प्रगत महासंगणक हिंदुस्थानास देण्याचें नाकारलें होतें. त्यावर काढलेला हा तोडगा होता. त्याची युक्ति कचेरीच्या भाषेंत सहज सांगतां येते. एकच अतिशय हुशार कारकून मिळत नसेल तर साधे कारकून पुष्कळ बसवावे, प्रत्येकास त्याचें त्याचें मेज द्यावें, काम वांटून द्यावें, आणि ते एकमेकांस चिठ्ठ्या पाठवून मेळ घालतील अशी व्यवस्था करावी. त्या यंत्रांत ६४ प्रोसेसर या रीतीनें एकत्र राबत. आज आपल्या खिशांतील साध्या मोबाइलमध्येंही आठ-आठ कारकून असतात, फक्त त्यांचें मेज एकच असतें. आणखी मागें जावयाचें तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कामास लागलेल्या टिफ्रॅक यंत्रांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याचें मेज अवघ्या २,०४८ शब्दांचें होतें. प्रस्तुत लेखही त्यावर धड मावला नसता.

अवयवांपैकीं पॉवर सप्लाय, ज्यास दुकानांत एसएमपीएस म्हणतात, तो राहिला. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३·३ व्होल्ट अशा सौम्य एकदिश प्रवाहांत बदलून सर्वांस वांटतो. आपल्याकडील विजेचे चढउतार प्रथम यालाच सोसावे लागतात.

आतां यंत्र सुरू होतें कसें तें पाहूं. बटण दाबतांच पॉवर सप्लाय जागा होतो, आपले दाब बरोबर असल्याची खातरी करतो आणि तशी खूण मदरबोर्डास देतो. ती खूण येईपर्यंत प्रोसेसर जागचा हलत नाहीं. खूण आल्यावर मात्र एक कोडें उभें राहतें. कारकून नुकताच जागा झाला आहे, मेज कोरें आहे. काय करावें याचे सर्व हुकूम दप्तरखान्यांत आहेत, आणि दप्तरखान्यांतून कागद कसा आणावा हें सांगणारा हुकूमही दप्तरखान्यांतच आहे! यावर उपाय म्हणून मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते आणि तिच्यांत थोडे हुकूम कायमचे लिहिलेले असतात. यास बायोस म्हणतात. नव्या यंत्रांत याचाच सुधारलेला प्रकार यूईएफआय या नांवानें असतो, तरी बोलण्यांत बायोस हाच शब्द राहिला आहे. सकाळीं चावडी उघडणारा कोतवाल जसा चार ठराविक कामें तोंडपाठ जाणतो, तसा हा समजावा.

कोतवालाचें पहिलें काम म्हणजे मेज, दौत, दिवा जागच्या जागीं आहे कीं नाहीं हें पाहणें. या तपासणीस ' पॉवर ऑन सेल्फ टेस्ट ' म्हणतात आणि तिचें आद्याक्षरी नांव पोस्ट असें आहे. टपालाशीं त्याचा संबंध नाहीं. रॅम सांपडते काय, पडदा चालविणारा भाग आहे काय, कळफलक जोडलेला आहे काय, हें तींत पाहिलें जातें. रॅमच न सांपडल्यास पडद्यावर लिहिण्याचीही सोय उरत नाहीं, म्हणून पुष्कळ यंत्रें अशा वेळीं शिट्टीसारखे आवाज काढतात. कांहीं नव्या बोर्डांवर त्याऐवजीं लहान दिवा लुकलुकतो. किती शिट्ट्या म्हणजे कोणता दोष, हें बनविणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. ती पुस्तिका खोक्याबरोबर फेकून देऊं नये.

तपासणी पुरी झाली म्हणजे कोतवाल दप्तरखान्याकडे वळतो. कोणत्या कपाटांत प्रथम पाहावें, नंतर कोणत्या, याची यादी त्याच्यापाशीं असते. हिला बूट क्रम म्हणतात. यादीप्रमाणें पाहत जाऊन ज्या कपाटांत ' येथून आरंभ करावा ' अशी चिठ्ठी मिळेल ती तो मेजावर आणतो. ही चिठ्ठी म्हणजे बूट लोडर. चिठ्ठी वाचून कारकून मोठा ग्रंथ मेजावर आणतो, तो ग्रंथ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बहुतेक ठिकाणीं विंडोज. यानंतर कचेरीचा सारा कारभार तिच्या हुकुमानें चालतो. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचें यंत्र यांच्याशीं कसें बोलावें हें सांगणारे लहान लहान ग्रंथ तिच्या मागोमाग येतात, त्यांस ड्रायव्हर म्हणतात. शेवटीं नांव व पासवर्ड विचारणारा पडदा येतो. या सर्व उठाठेवीस बूट होणें म्हणतात. इंग्रजींत आपल्याच बुटाच्या मागील पट्टीस धरून स्वतःस वर उचलणें अशी एक अशक्य गोष्टीची म्हण आहे. यंत्र स्वतःच स्वतःस उभें करतें म्हणून हें नांव पडलें.

हा क्रम एकदां मनांत बसला म्हणजे दोष कोठें आहे याचा अदमास यंत्र कोणत्या पायरीवर थांबलें त्यावरून करतां येतो. दिवाही नाहीं आणि पंखाही नाहीं, तर प्लग, यूपीएस, केबल किंवा पॉवर सप्लाय पाहावा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर प्रथम पडद्याची केबल दोन्ही टोकांस घट्ट आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि ती असेल तर बहुधा रॅमची पट्टी हललेली किंवा तिच्या पितळी रंगाच्या कडेवर मळ बसलेला असतो. प्लग काढून, धातूच्या पेटीस हात लावून, पट्टी बाहेर काढावी, कडा स्वच्छ खोडरबरानें हलके पुसावी व खटका बसेपर्यंत परत दाबावी. पुष्कळ यंत्रें एवढ्यानेंच उठतात. दर्यापूरकडील यंत्र याच पायरीवर थांबलें होतें. कोतवाल अजून मेजच शोधीत होता, दप्तरखान्यापर्यंत पोहोंचलाच नव्हता. मग दप्तरखान्यांतील रुमाल जाळण्याचें कारण काय?

कंपनीचें नांव पडद्यावर येऊन नंतर ' बूट डिव्हाइस सांपडत नाहीं ' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर चिठ्ठी मिळाली नाहीं असें समजावें. कोणी पेन ड्राइव्ह लावून ठेवला असेल तर तो काढून पाहावा. बूट क्रमांत तो पहिला असेल तर कोतवाल त्या रिकाम्या कपाटापाशींच अडून बसतो. तसें नसेल तर डिस्कची केबल सैल झाली असेल, किंवा बूट क्रमच बदलला असेल, किंवा डिस्क खरोखरीच गेली असेल. डिस्क कट्‌कट् वाजत असल्यास यंत्र लगेच बंद करावें आणि पुन्हां पुन्हां चालूं करून पाहूं नये. प्रत्येक वेळीं चकतीवर ओरखडे वाढण्याची भीति असते.

विंडोजचें चिन्ह येऊन वर्तुळ फिरतच राहिलें तर मोठ्या ग्रंथाचीं पानें फाटलीं आहेत. कागदपत्रें बहुधा सुखरूप असतात. कमीत कमी ड्रायव्हर घेऊन सुरू होण्याची सेफ मोड नांवाची सोय आहे, ती प्रथम वापरावी. ती न चालल्यास डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडावी, आपले कागद उतरवून घ्यावे, आणि मगच विंडोज पुन्हां बसवावी. विंडोज १० च्या नेहमींच्या सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाल्यामुळें ' नवी विंडोज बसवावी लागेल ' असें दुरुस्ती करणारा म्हणाला तर तें खोटें नसतें, परंतु कागद आधीं उतरविण्याचा क्रम तेव्हांही सुटूं नये. नव्या यंत्रांत बिटलॉकर नांवाचें कुलूप डिस्कला असूं शकतें. त्याची ४८ आंकड्यांची किल्ली आजच कागदावर लिहून तिजोरींत ठेवावी, नाहींतर डिस्क सुखरूप असूनही उघडणार नाहीं.

फॉरमॅट म्हणजे काय, हें आतां थोडक्यांत सांगतां येईल. दप्तरखान्याची अनुक्रमणिका फाडून सर्व मांडण्या रिकाम्या आहेत असें जाहीर करणें, म्हणजे फॉरमॅट. हार्ड डिस्कवर नवें कांहीं लिहिलें जाण्यापूर्वीं तज्ज्ञ माणूस जुने कागद कधीं कधीं परत काढूं शकतो. एसएसडीवर ती आशा फार थोडी.

एका क्षुल्लक वस्तूनें लोक फार हैराण होतात, ती मदरबोर्डवरील बटणाएवढी ३ व्होल्टची बॅटरी. यंत्र बंद असतां घड्याळ चालूं ठेवणें हें तिचें काम. ती संपली म्हणजे रोज सकाळीं तारीख कोणत्यातरी जुन्या वर्षाची दिसते, आणि मग उताऱ्याचें किंवा बँकेचें संकेतस्थळ ' सुरक्षित नाहीं ' म्हणून उघडत नाहीं, कारण त्या स्थळांचीं प्रमाणपत्रें तारीख पाहून तपासलीं जातात. लोक इंटरनेटवाल्यास दोष देत बसतात. थोड्या पैशांची बॅटरी घातली कीं काम झालें.

आणखी एक गोष्ट. यंत्र अडखळूं लागलें म्हणजे ' बंद करून चालूं करा ' असा सल्ला मिळतो. विंडोज ८ पासून मात्र ' शट डाउन ' केल्यावर यंत्र पुष्कळदां पुरतें बंद होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं लवकर उठतां यावें म्हणून मेजावरील कांहीं मांडणी तें डिस्कवर जशीच्या तशी लिहून ठेवतें. त्यामुळें जुनी गडबड दुसऱ्या दिवशींही कायम राहते. मेज खरोखर साफ करावयाचें तर ' रीस्टार्ट ' हा हुकूम द्यावा.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. मे महिन्यांत अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलींत यंत्राच्या पेटीची उष्णता त्याहून पुष्कळ अधिक असते. प्रोसेसरवरील पंखा धुळीनें, आणि जिनिंगजवळच्या गांवीं कापसाच्या तंतूंनीं, भरून जातो; मग कारकून भोंवळ येऊं नये म्हणून हळू काम करतो, आणि फारच तापला तर यंत्र आपोआप बंद पडतें. दर दोन महिन्यांनीं प्लग काढून मऊ कुंचल्यानें पंखा झाडावा. वीज जातांच काम आटोपून नीट बंद करण्यापुरतीं कांहीं मिनिटें यूपीएस देतो. त्यावर दिवसभर काम करण्याची अपेक्षा ठेवूं नये. मृगाच्या विजा कडाडूं लागल्या म्हणजे प्लग तर काढावाच, पण इंटरनेटची तांब्याची तारही काढावी. तीही विजेस वाट देते.

यंत्र दुरुस्तीस देण्याची वेळ आलीच तर, आपण जागेवर जाऊन करतों तसा साधा पंचनामा करावा. डिस्कवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर कंपनीचें नांव, माप आणि अनुक्रमांक असतो. तो, तसेंच रॅमच्या पट्ट्या किती व कोणत्या मापाच्या, हें संस्थेच्या कागदावर लिहून नेणाराची सही घ्यावी. खालीं ' लेखी परवानगीवांचून डिस्क फॉरमॅट करूं नये ' ही ओळ घालावी. बदललेला जुना भाग बिलाबरोबर परत मागावा. त्यांत जुनी डिस्क असेल तर ती मेलेली आहे असें सांगितलें तरीही दुकानांत सोडूं नये, कारण तिच्यावर सभासदांचे आधार क्रमांक, सह्या आणि खात्यांचे कागद असतात.